स्वस्त लॅपटॉप आणि चिप-उत्पादकांची मूल्यनीती

प्रश्नाचे स्वरूप

तयार वस्तूची बाजारातील किंमत ती जुळवणारा कारखानदार ठरवतो, की तिच्यातील एखादा अनिवार्य भाग पुरवणारा, हा प्रश्न अर्थशास्त्राला नवा नाही. तथापि गेल्या दोन दशकांत स्वस्त लॅपटॉपच्या बाजारात ह्या प्रश्नाचे जे दर्शन घडले, ते अभ्यासकाने मुद्दाम लक्ष द्यावे असे आहे. लॅपटॉपच्या झाकणावर नाव असते ते विक्री करणाऱ्या कंपनीचे. आत गणनेचे मुख्य काम करणारा प्रोसेसर मात्र दुसऱ्याचा असतो. विंडोजवर चालणारे बहुतेक प्रचलित कार्यक्रम एक्स८६ ह्या रचनेसाठी लिहिलेले असल्यामुळे हा प्रोसेसरही त्याच रचनेचा असावा लागे, आणि त्या रचनेच्या प्रोसेसरांचे मोठे उत्पादक जगात दोनच होते व आहेत: इंटेल आणि एएमडी. ह्यांपैकी इंटेलचा वाटा दीर्घकाळ फार मोठा राहिला. लॅपटॉप जुळवणारे मात्र अनेक, परस्परांशी तीव्र स्पर्धा करणारे आणि अत्यल्प नफ्यावर चालणारे. एका बाजूला एक प्रबळ विक्रेता आणि दुसऱ्या बाजूला अनेक दुर्बल ग्राहक, अशी ही मांडणी आहे.

ह्या मांडणीतून चिप-उत्पादकाच्या हाती किंमत व पुनर्विक्री ह्यांवर नियंत्रण ठेवण्याची कोणती साधने येतात, आणि त्यांपैकी कोणती समाजाला अपायकारक मानावीत, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. सर्वच साधने एका मापाने मोजता येत नाहीत, असे येथे प्रतिपादन केले आहे. आपल्याच मालात कमी दर्जाचा वर्ग निर्माण करणे आणि दुसऱ्याचा माल दुकानापर्यंत पोहोचू न देणे ह्या दोन गोष्टी वरकरणी सारख्या दिसल्या, तरी त्यांचे परिणाम भिन्न आहेत.

द्यूप्वीचा रेल्वेचा डबा

ज्यूल द्यूप्वी ह्या फ्रेंच अभियंत्याने १८४९ मध्ये वाहतुकीच्या दरांविषयी लिहिताना एक मार्मिक निरीक्षण नोंदवले. त्या काळी तिसऱ्या वर्गाच्या डब्यांना छप्पर नसे व बाकडी साधी लाकडाची असत. छप्पर घालण्यास येणारा खर्च क्षुल्लक होता. तरीही कंपन्या ते घालीत नसत. त्यात गरीब उतारूंना छळण्याचा हेतू नव्हता. दुसऱ्या वर्गाचे भाडे देण्याची ऐपत असलेला उतारू तिसऱ्या वर्गात जाऊन बसू नये, एवढ्यासाठी ही काळजी घेतली जाई. आपल्याकडे तिसऱ्या वर्गाच्या प्रवासाचा अनुभव पिढ्यान्‌पिढ्या घेतला गेला असल्याने ह्या निरीक्षणाचे मर्म निराळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

चिपच्या धंद्यात ह्याचे जुने उदाहरण १९९१ सालचे आहे. इंटेलने त्या वर्षी ४८६एसएक्स नावाचा स्वस्त प्रोसेसर विक्रीस आणला. तो आरंभी वस्तुतः महाग ४८६डीएक्सच होता. अपूर्णांकांचे गणित करणारा त्यातील भाग तेवढा निकामी केलेला होता. म्हणजे स्वस्त माल बनवताना महाग मालावर आणखी एक क्रिया करावी लागे. डेनेकेर व मॅकअफी ह्या अर्थशास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये अशा मालाला ‘खराब केलेला माल’ ही संज्ञा देऊन त्याचे विवेचन केले आणि काही परिस्थितींत अशा मालामुळे विक्रेत्यासह सर्वच ग्राहकांचे हित साधू शकते असे दाखवून दिले. कारण अशी कनिष्ठ श्रेणी नसती, तर विक्रेत्याने कमी ऐपतीच्या ग्राहकाला मुळीच माल दिला नसता.

ॲटमचे अर्थकारण

स्वस्त लॅपटॉपचा आधुनिक इतिहास शाळेपासून सुरू होतो. निकोलस नेग्रोपोंटी ह्यांनी २००५ मध्ये शंभर डॉलरांच्या लॅपटॉपची कल्पना जगापुढे मांडली. तिच्यातून निघालेल्या एक्सओ-१ ह्या यंत्रात एएमडीचा ४३३ मेगाहर्ट्‌झचा जिओड प्रोसेसर होता. २००७ च्या अखेरीस त्याचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झाले, तेव्हा किंमत शंभरऐवजी दोनशे डॉलरांच्या जवळ गेली होती. ह्या यंत्राचा एक प्रारंभिक प्रयोग २००७ मध्ये आपल्याकडे रायगड जिल्ह्यातील एका लहान खेड्याच्या शाळेतही झाला. इंटेलने ह्याच सुमारास शाळांसाठी ‘क्लासमेट’ नावाचे आपले निराळे यंत्र पुढे केले. मे २००७ मध्ये नेग्रोपोंटी ह्यांनी इंटेल आपला माल खर्चाहून कमी भावात विकत असल्याचा जाहीर आरोप केला. जुलैत इंटेल त्यांच्याच संस्थेच्या संचालक मंडळावर आले. आणि जानेवारी २००८ मध्ये परस्परांवर दोषारोप करून दोघे विभक्त झाले. शालेय मुलांच्या यंत्रासाठी एवढ्या मोठ्या कंपनीने इतकी धावपळ का करावी, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे उत्तर पुढील आकड्यांत मिळते.

असुस ह्या तैवानी कंपनीने ऑक्टोबर २००७ मध्ये सात इंची पडद्याचा ‘ई पीसी’ बाजारात आणला आणि स्वस्त लॅपटॉप केवळ शाळेपुरता राहिला नाही. जून २००८ पासून अशा यंत्रांसाठी इंटेलचा ॲटम एन२७० हा प्रोसेसर मिळू लागला. त्याचे क्षेत्रफळ सुमारे २६ चौरस मिलिमीटर, आणि यादीतील किंमत ४४ डॉलर. त्याच सुमारास नेहमीच्या लॅपटॉपसाठी मिळणाऱ्या कोअर २ ड्युओ मालिकेतील मोठ्या चिपचे क्षेत्रफळ १०७ चौरस मिलिमीटर होते, आणि मालिकेतील पी८४०० ह्या मध्यम प्रोसेसरची यादीतील किंमत २०९ डॉलर होती. एका मोठ्या चिपच्या जागेत चार ॲटम बसतात, आणि चार ॲटमांचे १७६ डॉलर होतात. लहान चिपा सदोष निघण्याचे प्रमाण कमी असते हे ध्यानात घेतले, म्हणजे सिलिकॉनच्या तबकडीमागे मिळणाऱ्या उत्पन्नात फारसा फरक राहत नाही. यादीतील किमती व प्रत्यक्ष सौद्यांतील किमती ह्यांत अंतर असते हे खरे. तथापि प्रमाणाची स्थूल कल्पना येण्यास एवढे पुरे आहे.

मग भीती कशाची? ग्राहक सिलिकॉन क्षेत्रफळावर विकत घेत नाही. तो एक यंत्र घेतो आणि त्यात प्रोसेसर एकच असतो. ॲटम घेणारा मनुष्य नवा ग्राहक असेल, तर चिप-उत्पादकाला ४४ डॉलर अधिक मिळाले. तोच मनुष्य एरवी महाग लॅपटॉप घेणार असेल, तर १६५ डॉलर बुडाले. केवळ मानलेले आकडे घेऊन हे स्पष्ट करता येईल. महाग प्रोसेसरवर १५० डॉलर व स्वस्तावर ३० डॉलर नफा आहे असे समजू. शंभर स्वस्त यंत्रे विकली गेली, तर ३,००० डॉलर नफा होतो. परंतु त्या शंभरांपैकी वीस ग्राहक महाग यंत्राकडून इकडे वळलेले असतील, तर तिकडचा नफा बरोबर ३,००० डॉलरांनीच घटतो. म्हणजे पाचांत एक ग्राहक जरी कुंपण ओलांडून आला, तरी संपूर्ण खटाटोप निष्फळ ठरतो. ह्या कुंपणाची चिंता चिप-उत्पादकाला किती असावी, हे ह्यावरून ध्यानी येईल. लॅपटॉप जुळवणाऱ्याला ती तितकी नसते. महाग यंत्र दुसऱ्या कंपनीचे असेल, तर त्याचा ग्राहक फोडण्यात त्याला आनंदच असतो. येथेच दोघांचे हितसंबंध भिन्न होतात.

कुंपणाची साधने

पहिले साधन मालाच्या रचनेतच असते. ॲटमची गती बेताची होती आणि त्याला जोडता येणारी स्मृती मर्यादित होती. ह्याला दुसऱ्या पुरवठादाराचीही जोड मिळाली. मायक्रोसॉफ्टने २००८ मध्ये विंडोज एक्सपीचा स्वस्त परवाना फक्त अल्पमोली यंत्रांना देऊ केला, तेव्हा आरंभी ज्या अटी प्रसिद्ध झाल्या त्यांत पडदा १०.२ इंचांहून व स्मृती १ जीबीहून अधिक नसावी असे होते. पडद्याची अट लवकरच सैल झाली. तरी दहा इंच पडदा व १ जीबी स्मृती हा स्वस्त लॅपटॉपचा साचा बनला. डेलने २००८ मध्ये बारा इंची पडद्याचे ॲटमवरील यंत्र काढले आणि २००९ मध्ये ते बंद केले. मोठ्या पडद्याच्या यंत्राकडून ग्राहकाची अपेक्षा अधिक शक्तीची असते, असे कारण कंपनीने दिले. हे कारण खोटे म्हणता येणार नाही. परंतु छप्पर नसलेल्या डब्याविषयीही असेच म्हणता आले असते, की लांबच्या प्रवासाला तो सोयीचा नाही.

दुसरे साधन जोडविक्रीचे. प्रोसेसरबरोबर चित्रदर्शनादी कामे करणाऱ्या सहायक चिपाही लागतात. एनव्हिडियाने अशी सहायक चिप ‘आयॉन’ ह्या नावाने ॲटमसाठी तयार केली. तिच्यामुळे स्वस्त यंत्रावर चलचित्रे अधिक चांगली दिसत. मे २००९ मध्ये एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग ह्यांनी तक्रार केली, की सुटा ॲटम ४५ डॉलरांना मिळतो, पण इंटेलच्याच सहायक चिपांसह तिन्हींचा संच २५ डॉलरांना दिला जातो. इंटेलने आपली नीती न्याय्य असल्याचे सांगून आरोप नाकारला. आकडे क्षणभर तसेच गृहीत धरले, तर त्यांचा अर्थ असा होतो, की सहायक चिपांची किंमत उणे २० डॉलर होती. प्रतिस्पर्ध्याने आपली चिप फुकट दिली असती, तरी लॅपटॉप जुळवणाऱ्याला ती महागच पडली असती. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने डिसेंबर २००९ मध्ये इंटेलविरुद्ध दाखल केलेल्या तक्रारीत प्रोसेसरांबरोबर चित्रदर्शक चिपांच्या बाजाराचाही समावेश होता. ऑगस्ट २०१० मध्ये ते प्रकरण समझोत्याने मिटले; त्यानुसार केवळ आपलाच माल घेण्याच्या वा प्रतिस्पर्ध्याचा न घेण्याच्या मोबदल्यात लाभ देण्यावर इंटेलला बंधने आली.

तिसरे साधन पुनर्विक्रीच्या टप्प्यावरचे, आणि ते सर्वांत प्रभावी. १९९१ पासून इंटेलने ‘इंटेल इनसाइड’ ही योजना राबवली. प्रोसेसरांच्या खरेदीच्या प्रमाणात काही रक्कम जाहिरात-निधीत जमा होई आणि जाहिरातीत इंटेलचे बोधचिन्ह छापणाऱ्या लॅपटॉप-विक्रेत्याला ती परत मिळे. ज्या धंद्यात नफा विक्रीच्या दोन-चार टक्क्यांवर अवलंबून असतो, तेथे असा निधी जाहिरातीच्या मदतीपुरता राहत नाही. नफा-तोट्याचा निर्णय त्याच्यावर होऊ लागतो. निधी देणारा दुखावला जाणार नाही ह्याची खबरदारी मग न सांगताही घेतली जाते.

युरोपातील खटला

वरील साधनांच्या पुढची पायरी युरोपीय आयोगाच्या १३ मे २००९ च्या निर्णयात दिसते. आयोगाने इंटेलला १.०६ अब्ज युरो दंड केला. निर्णयाचे दोन भाग होते. पहिला सशर्त सवलतींचा. डेल, एचपी, एनईसी व लेनोव्हो ह्यांना आपल्या गरजेचे सर्व वा बहुतेक प्रोसेसर इंटेलकडूनच घेण्याच्या अटीवर सूट दिली गेली. एचपीच्या व्यावसायिक डेस्कटॉपांबाबत हे प्रमाण ९५ टक्के होते. मीडिया-सॅटर्न ह्या मोठ्या किरकोळ विक्रेत्याला २००२ ते २००७ ह्या काळात फक्त इंटेलचे संगणक विकण्यासाठी रकमा दिल्या गेल्या, असेही आयोगाने म्हटले. म्हणजे लॅपटॉप कोणी जुळवला ह्याचा संबंधच उरला नाही. दुकानाच्या फळीवर काय असावे हे चिप-उत्पादक ठरवू लागला.

दुसरा भाग उघड निर्बंधांचा होता. एएमडीवरील विशिष्ट यंत्रे उशिरा आणण्यासाठी, न आणण्यासाठी वा त्यांची विक्री मर्यादित ठेवण्यासाठी पैसे दिल्याचा हा आरोप होता. एसरने एएमडीवरील एका लॅपटॉपचे आगमन सप्टेंबर २००३ वरून जानेवारी २००४ पर्यंत लांबवले. लेनोव्होने २००६ मध्ये एएमडीवरील लॅपटॉप पुढे ढकलले. एचपीने एएमडीवरील व्यावसायिक डेस्कटॉप वितरकांच्या साखळीतून जाऊ नयेत अशी व्यवस्था केली.

ह्या दोन भागांचे न्यायालयातील भवितव्य निरनिराळे झाले, आणि ते उद्बोधक आहे. २०१४ मध्ये युरोपीय संघाच्या सामान्य न्यायालयाने संपूर्ण निर्णय उचलून धरला. २०१७ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने प्रकरण फेरविचारासाठी परत पाठवले. प्रबळ विक्रेत्याइतकाच कार्यक्षम असलेला प्रतिस्पर्धी अशा सवलतींमुळे खरोखर बाहेर फेकला गेला असता काय, हे तपासणे आवश्यक आहे, असे त्याचे म्हणणे होते. ह्या कसोटीचा तर्क सोपा आहे. समजा, ग्राहकाच्या गरजेपैकी शेकडा ९० भाग प्रबळ विक्रेत्याकडून घेणे त्याला भागच आहे आणि केवळ १० भागांसाठी स्पर्धा होऊ शकते. प्रबळ विक्रेत्याने संपूर्ण खरेदीवर ५ टक्के सूट दिली आणि दहा भाग दुसरीकडून घेतल्यास ती सर्वच काढून घेतली, तर प्रतिस्पर्ध्याला त्या दहा भागांवर ५० टक्के सूट द्यावी लागेल. ही सूट देऊनही त्याचा खर्च भरून निघतो काय, हा खरा प्रश्न होय. २०२२ मध्ये सामान्य न्यायालयाने आयोगाचे ह्यासंबंधीचे विश्लेषण सदोष ठरवून सवलतींविषयीचा भाग व दंड रद्द केला. ऑक्टोबर २०२४ मध्ये वरिष्ठ न्यायालयानेही आयोगाचे अपील फेटाळले. उघड निर्बंधांचा भाग मात्र टिकून राहिला. त्यासाठी आयोगाने सप्टेंबर २०२३ मध्ये सुमारे ३७.६ कोटी युरोंचा नवा दंड बसवला, आणि डिसेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने तो सुमारे २३.७ कोटींवर आणला.

ज्या लॅपटॉपांविषयी हा वाद झाला, ते २००३ व २००६ सालचे होते. ह्या मधल्या काळात ती यंत्रे भंगारात गेली, आणि ॲटमच्या लहान लॅपटॉपांचा संपूर्ण बाजार जन्मास येऊन संपलाही. असुसने २०१२ च्या अखेरीस ‘ई पीसी’ बंद केला. टॅब्लेट हे त्याचे मोठे कारण होते. परंतु महाग यंत्राला धक्का न लावण्याच्या अटीवरच जे यंत्र जन्मास आले, त्याची वाढ कोठवर होणार होती, हाही विचार करण्यासारखा भाग आहे. इंटेलने २०११ पासून आपले बळ ‘अल्ट्राबुक’ ह्या पातळ व महाग श्रेणीमागे लावले.

भारतातील एक प्रश्न

पुनर्विक्रीच्या नियंत्रणाचा आणखी एक प्रकार आपल्याकडे दिसून आला. इंटेलने २०१६ मध्ये भारतापुरता असा नियम केला, की पेटीतून सुटे विकले जाणारे जे प्रोसेसर भारतातील अधिकृत वितरकांकडून घेतलेले असतील, त्यांनाच येथे हमी मिळेल. परदेशातून अस्सल माल कायदेशीरपणे आणून स्वस्त विकणाऱ्या व्यापाऱ्यांच्या गिऱ्हाइकांना येथील हमीचा आधार राहिला नाही. ह्या नियमाविरुद्धच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१९ मध्ये चौकशीचा आदेश दिला. हा नियम डेस्कटॉपच्या सुट्या प्रोसेसरांचा होता. लॅपटॉपातील प्रोसेसर सामान्यतः पाटीवर कायमचा जोडलेला असल्याने त्याला तो थेट लागू नव्हता. तथापि तत्त्व तेच आहे. किंमत न बदलता, केवळ हमीचे क्षेत्र आखून, एका देशातील स्वस्त माल दुसऱ्या देशातील महाग मालाशी स्पर्धा करणार नाही अशी व्यवस्था करता येते. द्यूप्वीच्या डब्यांमध्ये जशी छपराची सीमा होती, तशीच ही राष्ट्राची सीमा होय.

निष्कर्ष

ह्या सर्व साधनांना एकाच नावाखाली निषिद्ध ठरवणे योग्य होणार नाही. ॲटम मुद्दाम मर्यादित ठेवला गेला असे मानले, तरी त्याच्यामुळे अनेकांना प्रथमच लॅपटॉप घेता आला, हे नाकारता येत नाही. छप्पर नसलेला डबा अपमानकारक खरा, परंतु त्यातून मनुष्य आपल्या गावी पोहोचतो. डबाच नसता, तर तो पायी गेला असता. अशा वेळी विक्रेत्याला आवर घालण्याचे खरे साधन म्हणजे छप्पर असलेला स्वस्त डबा आणणारी दुसरी कंपनी. ती येऊ शकते तोवर पहिल्या कंपनीला छप्पर काढून ठेवणे फार काळ परवडत नाही.

म्हणूनच दुसऱ्या प्रकारचे आचरण अधिक गंभीर मानले पाहिजे. सवलत आपल्या मालाच्या संख्येवर दिली असेल, तर ती किंमतच आहे. तिच्यातील अट प्रतिस्पर्ध्याच्या मालाविषयी असेल, तर ती किंमत राहत नाही, दुसऱ्याची गाडी स्थानकात येऊ नये म्हणून दिलेला तो मोबदला होय. प्रस्तुत लेखकाच्या मते विवेकाची रेषा येथे ओढावी: अल्प किमतीला जोडलेली अट कोणाच्या मालाविषयी आहे? युरोपातील खटल्यात शेवटी टिकला तो नेमका हाच भाग, ही गोष्ट ह्या विवेचनाला पूरक आहे. परंतु सवलतींविषयीचा भाग पुराव्याअभावी गळाला, एवढ्यावरून सवलती निरुपद्रवी ठरत नाहीत, हेही विसरू नये. शेकडा पाचाची सूट शेकडा पन्नासाचे ओझे कशी बनते, हे वर पाहिलेच आहे.

अलीकडे एक्स८६ रचनेबाहेरच्या प्रोसेसरांवर चालणारे स्वस्त लॅपटॉप बाजारात येऊ लागले आहेत. भारतात जुलै २०२३ मध्ये १६,४९९ रुपयांना आलेला जिओबुक मीडियाटेकच्या प्रोसेसरवर होता. अशा यंत्रांमुळे जुने कुंपण मोडते, की नव्या मालकाचे नवे कुंपण उभे राहते, हे पाहण्यासाठी आपल्या अभ्यासकांनी दुकानातील किमतीबरोबर तीन गोष्टींची नोंद ठेवणे अगत्याचे आहे: सुट्या व जोडून विकलेल्या चिपांच्या भावांतील अंतर, विक्रेत्याला मिळणाऱ्या निधीच्या अटी, आणि हमीचे क्षेत्र. स्वस्त लॅपटॉपवर पहिले अक्षर गिरवणाऱ्या मुलाला काय मिळणार व काय नाकारले जाणार, ह्याचा निर्णय बहुधा ह्या तीन ठिकाणी होतो; आणि न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत ते मूल मोठे झालेले असते.